पोलिओच्या थेंबापासून गावच्या बंधाऱ्यापर्यंत

ओढ्यावर सिमेंटचा बंधारा, बंधाऱ्याच्या कडेला संगमरवरी पाटी आणि पाटीवर कोरलेले दातेरी चाक. शहापूर, मुरबाड, वाडा, विक्रमगड, जव्हार या बाजूच्या गावांत हे दृश्य आता नवे राहिलेले नाही. चाकाखाली मुंबईतल्या एखाद्या उपनगराचे नाव असते आणि त्याच्या शेजारी परदेशातल्या कुठल्या तरी शहराचे. रविवारी सकाळी दोन-तीन गाड्या येतात, टोप्या घातलेली माणसे उतरतात, नारळ फुटतो, फोटो होतात. दुपारचे जेवण झाले की गाड्या परत जातात. मागे राहतो तो बंधारा आणि गावाला पडलेले प्रश्न. ही माणसे कोण? पैसा कुणाचा? आणि दोन पावसाळ्यांनी बंधाऱ्याची कड खचली तर हाक मारायची कुणाला?

तिन्ही प्रश्न रास्त आहेत. पण आपल्याकडे ते विचारले जात नाहीत. फुकट मिळते आहे तर विचारायचे कशाला, असा आपला स्वभाव. पाहुण्यांना शाल-श्रीफळ द्यायचे, सरपंचांनी चार शब्द बोलायचे आणि गप्प बसायचे. म्हणून आज या क्लबवाल्यांची गोष्ट जरा मुळापासून सांगायची आहे.

दातेरी चाक ही रोटरीची खूण, आणि दोन सिंहांची तोंडे असली तर ते लायन्सवाले. दोन्ही संघटना अमेरिकेतल्या शिकागोच्या. रोटरी १९०५ साली पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने काढली. सभासदांच्या कचेऱ्यांत पाळीपाळीने बैठक व्हायची म्हणून नाव रोटरी. लायन्स १९१७ सालची. मुंबईत रोटरी क्लब १९२९ मध्ये आला, लायन्स १९५६ मध्ये. सुरुवातीला हा सगळा फोर्ट-कुलाब्याकडच्या बड्या मंडळींचा कारभार होता. पुढे उपनगरे वाढली तसे क्लबही लोकलच्या रुळांबरोबर वर सरकले. अंधेरी-मरोळचे छोटे कारखानदार, घाटकोपर-मुलुंडचे व्यापारी, बोरिवलीचे डॉक्टर, चार्टर्ड अकाउंटंट, शाळांचे मुख्याध्यापक असे लोक त्यात आले. स्टेशनागणिक क्लब झाले. कॉलेजच्या पोरांसाठी रोटरॅक्ट, लायन्सचे लिओ, बायकांचे इनर व्हील, अशा शाखाही निघाल्या.

उपनगरातल्या या मंडळींचा खेड्याशी संबंध फोर्टवाल्यांपेक्षा जवळचा, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. मुलुंडहून कसाऱ्याची लोकल धरली की आसनगावला उतरून शहापूर. बोरिवलीहून पालघर, आणि २०१३ पासून तर लोकल थेट डहाणूपर्यंत जाते. आपली भाजी, आपला मोगरा याच रुळांवरून मुंबईला जातो. त्यामुळे एखाद्या क्लबाला परदेशातून 'तुमच्याकडे काम सुचवा' असा निरोप आला, की त्या माणसांना आपले गाव सुचते ते नकाशावर बोट ठेवून नव्हे. त्यांच्या कारखान्यातला कामगार, दवाखान्यातली आया, घरी दूध घालणारा माणूस इथलाच असतो.

रविवारची बाटली

पण ही माणसे खऱ्या अर्थाने कामाला लागली ती बंधाऱ्यांमुळे नव्हे, पोलिओमुळे. आज तिशी-पस्तिशीत असलेल्या बहुतेकांनी लहानपणी कधी ना कधी आईच्या कडेवर बसून ते दोन थेंब घेतलेले आहेत. त्या थेंबांमागे एका क्लबाची हट्टाची गोष्ट आहे.

१९७९ साली रोटरीने फिलिपाइन्समधल्या साठ लाख मुलांना पोलिओची लस देण्याचे काम अंगावर घेतले. ते जमले, म्हणून १९८५ साली साऱ्या जगासाठी मोहीम जाहीर केली. बारा कोटी डॉलर जमवायचे ठरले होते. १९८८ पर्यंत जमले चोवीस कोटी सत्तर लाख. म्हणजे दुपटीहून जास्त. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेत पोलिओ जगातून घालवायचा ठराव झाला. तेव्हा जगात दरवर्षी साडेतीन लाखांच्या आसपास मुले या रोगाने लुळी पडत होती, आणि त्यांत आपल्या देशातल्या मुलांचा वाटा मोठा होता.

आपल्याकडे १९९५ च्या डिसेंबरात आणि १९९६ च्या जानेवारीत देशभर एकाच दिवशी डोस देण्याची पहिली मोहीम झाली. पहिल्या वर्षी तीन वर्षांपर्यंतची मुले घेतली होती, पुढे पाचपर्यंतची घेऊ लागले. नंतरच्या काळात तर एका राष्ट्रीय फेरीत सुमारे सतरा कोटी मुले आणि पंचवीस लाखांच्या घरात डोस पाजणारे हात, एवढा तो पसारा झाला. लशीच्या कितीतरी बाटल्या परळच्या हाफकिनमध्ये भरून बाहेर पडल्या.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. हे हात मुख्यतः क्लबवाल्यांचे नव्हते. ते अंगणवाडी सेविकांचे, आरोग्य सेवक-सेविकांचे, पुढे २००५ नंतर आशांचे होते. आपल्या देशातल्या मोहिमेचा मोठा खर्चही सरकारनेच उचलला. क्लबवाल्यांचे काम त्याच्या कडेकडेने होते. बूथवर टेबल-खुर्च्या, मंडप, फलक, टोप्या, शिट्ट्या पुरवायच्या. पथकाला गाडी द्यायची. बर्फ संपला तर धावाधाव करून आणायचा. मशिदीतल्या, मंदिरातल्या, सोसायटीतल्या माणसाशी बोलून दार उघडायला लावायचे. ऐकायला हे किरकोळ वाटते. पण ज्या आरोग्य सेविकेने भर उन्हात लसपेटी खांद्याला अडकवून झोपडपट्टीचा चढ चढलेला आहे, तिला विचारा, गाडी वेळेवर येणे म्हणजे काय असते.

मुंबईच्या उपनगरांत हे काम वाटते तेवढे सोपे नव्हते. आपल्या गावात पाच वर्षांखालची मुले किती, हे अंगणवाडी सेविकेला तोंडपाठ असते. गोवंडी-शिवाजीनगर, मानखुर्द, मालवणी, घाटकोपरचे डोंगर इथे कालची यादी आज खोटी ठरते. उत्तर प्रदेश-बिहारकडून गाडी भरून माणसे उतरतात, बांधकामावर राहतात, काम संपले की दुसरीकडे जातात. कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसला उतरलेल्या बाईच्या कडेवरचे मूल कुठल्याच यादीत नसते. आरेच्या तबेल्यांमागचे पाडे, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातले पाडे, मुलुंडच्या डोंगरालगतच्या वस्त्या यांचीही तीच तऱ्हा.

म्हणून रविवारी बूथ झाला की पुढचे काही दिवस घरोघर फिरायचे. डोस दिलेल्या मुलाच्या डाव्या करंगळीला शाई लावायची. घरातली सगळी मुले झाली तर दारावर खडूने 'पी', कुणी राहिले असेल तर 'एक्स'. खरी लढाई त्या 'एक्स'च्या घरांशी होती. मूल झोपले आहे, आजारी आहे, आईबरोबर कामावर गेले आहे, गावी गेले आहे अशी कारणे. कुठे कुठे तर हे औषध पोरांना पुढे नापुरुष करते अशी अफवा. अफवेला सरकारी माणूस उत्तर देऊ लागला की ती आणखी वाढते, हा आपल्याकडचाही अनुभव आहे. तिथे वस्तीतला डॉक्टर, शाळेतली बाई, मशिदीतले मौलवी उपयोगी पडतात. अशी माणसे गाठून आणणे, हे क्लबाच्या माणसाला चांगले जमते. ओळखीपाळखी हेच त्याचे भांडवल.

आणि एक वेगळीच गोष्ट. मुंबईत २००१ सालापासून सांडपाण्याचे नमुने घेऊन त्यात पोलिओचा विषाणू आहे का, हे परळच्या प्रयोगशाळेत तपासू लागले. कारण असे की, या विषाणूची बाधा झालेल्या सुमारे दोनशे मुलांत एखादेच लुळे पडते. बाकीची हसतखेळत असतात, पण त्यांच्या शौचातून विषाणू बाहेर पडत असतो. लुळे पडलेले मूल सापडेपर्यंत वाट बघायची म्हणजे वाघ गोठ्यात शिरल्यावर काठी शोधायची. मुंबईच्या गटारात सापडणाऱ्या विषाणूची जात तपासली की तो उत्तरेकडून आल्याचे कळे. म्हणजे पुन्हा तेच, फिरत्या कुटुंबातले मूल. मुंबई-ठाण्याच्या पट्ट्यात जादा फेऱ्या व्हायच्या त्या यासाठी. २०१० साली नाशिक जिल्ह्यात मालेगावला पोलिओची मुले सापडली, तेव्हा हा धोका आपल्या किती जवळ आहे ते सगळ्यांना कळले.

२००९ साली देशात ७४१ मुले पोलिओने लुळी पडली. २०१० मध्ये ४२. १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यात एका लहान मुलीला झाला, तो शेवटचा. २७ मार्च २०१४ रोजी भारतासह आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त झाल्याचे जाहीर झाले. योगायोग बघा, देशातली शेवटची रुग्ण सापडली त्या वर्षी जुलैत रोटरीचे जागतिक अध्यक्ष झाले ते आपल्या शेजारच्या वापीचे कल्याण बॅनर्जी. पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात हा विषाणू अजून आहे. म्हणून आपल्याकडचा पोलिओ रविवार थांबलेला नाही. २०२४ च्या मार्चमध्येही फेरी झालीच.

वीटभट्टीवरचे मूल

आता तुम्ही म्हणाल, याचा बंधाऱ्याशी काय संबंध? आमच्या मते आहे. पोलिओच्या फेरीत सगळ्यात हमखास चुकणारे मूल कोणते, तर वीटभट्टीवरचे आणि ऊसतोडीच्या टोळीतले. भिवंडी, वसई, कल्याणच्या भट्ट्यांवर दिवाळीनंतर जी कुटुंबे जातात ती कुठली? जव्हार, मोखाडा, विक्रमगड, शहापूर, मुरबाडच्या पाड्यांवरचीच. गावच्या अंगणवाडीच्या यादीत त्या मुलाचे नाव असते आणि मूल असते भट्टीवर. भट्टीजवळच्या गावात मूल असते, पण यादीत नाव नसते. त्याला शोधायला फिरतीची पथके लावावी लागत.

ही कुटुंबे जातात कशामुळे? या पट्ट्यात पाऊस थोडाथोडका पडत नाही. कित्येक ठिकाणी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. पण उतार तीव्र, खाली काळा कातळ, माती पातळ. ऑक्टोबरात ओढा खळाळतो आणि फेब्रुवारी-मार्चात त्याच ओढ्यात बाया डवऱ्यातून वाटी-वाटीने पाणी भरतात. भात कापले की शेतात दुसरे काही करायला पाणी नाही, म्हणून भट्टी. ओढ्यात चार महिने पाणी टिकले तर चार-सहा घरे काकडी, दुधी, मिरची, मोगरा करतात आणि भट्टीच्या मुकादमाची उचल घेत नाहीत. बंधाऱ्याने सगळा गाव थांबतो असे कुणी सांगू लागला तर विश्वास ठेवू नका. पण काही घरे थांबतात, आणि त्या घरांतली मुले शाळेत आणि अंगणवाडीत राहतात. भट्टीवर मूल शोधत फिरण्यापेक्षा ते घरीच राहील असे करणे हे जास्त शहाणपणाचे, एवढा साधा हिशेब आहे.

पैसा कसा येतो

पैशाची वाट समजून घ्या, कारण त्यातच गावाच्या फायद्या-तोट्याची किल्ली आहे. रोटरीचे एक विश्वस्त निधीचे खाते आहे. १९१७ साली त्याची कल्पना निघाली आणि पहिली देणगी आली साडेसव्वीस डॉलरची. जगभरचे सभासद त्यात दरवर्षी पैसे घालतात. बोरिवलीचा दुकानदार घालतो तसा टोकियोचाही घालतो. तीन वर्षांनी त्यातला साधारण निम्मा भाग त्या त्या विभागाच्या हाती परत येतो. तो कुठल्या कामाला लावायचा हे विभाग ठरवतो, आणि मोठ्या कामाला मुख्य निधीतून भर मिळते. अलीकडच्या वर्षांत या निधीला देणग्या देण्यात अमेरिकेखालोखाल भारताचे नाव येते. तेव्हा पाटीवर परदेशी शहराचे नाव दिसले म्हणून सगळा पैसा गोऱ्या साहेबाचा असे समजण्याचे कारण नाही. त्यात मुलुंडच्या माणसाचाही खिसा असतो. उलट आपल्याकडून बाहेरही मदत जाते. १९९१-९२ साली रोटरीचे जागतिक अध्यक्ष झालेले चंदीगडचे राजेंद्र साबू यांनी १९९८ मध्ये आपल्याकडच्या डॉक्टरांचे पथक युगांडात नेले, आणि पुढे अशी पथके आफ्रिकेतल्या इतर देशांतही गेली.

मोठ्या कामासाठी जे अनुदान आहे त्याच्या अटी कडक आहेत. काम किमान तीस हजार डॉलरचे हवे, म्हणजे पंचवीस लाखांच्या पुढे. त्यामुळे एका छोट्या बंधाऱ्यासाठी ते मिळत नाही, चार-सहा गावांचे बंधारे एकत्र घ्यावे लागतात. एक क्लब इथला हवा, एक परदेशातला. अर्जाआधी गावाची गरज काय ते गावात बसून, बायाबापड्यांना विचारून लिहावे लागते. काम संपल्यावर ते कोण चालवणार, दुरुस्ती कोण करणार, त्यासाठी कुणाला शिकवणार, हे लिहिल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. माणसे राहतील, बसतील अशी नवी इमारत बांधायला या अनुदानातून सहसा पैसा मिळत नाही. म्हणून क्लबवाले आले की समाजमंदिराची आणि कमानीची यादी पुढे करणाऱ्या मंडळींनी तेवढे श्रम वाचवावेत.

दुसरे म्हणजे, रोख रक्कम ग्रामपंचायतीच्या हाती पडेल ही आशाही सोडून द्यावी. परदेशी देणग्यांचा कायदा मुळात १९७६ चा, २०१० साली नवा झाला आणि २०२० साली आणखी आवळला. परवाना असलेल्या संस्थेनेच परदेशी पैसा घ्यायचा, तो दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठराविक शाखेतच उतरवायचा आणि दुसऱ्या संस्थेच्या हवाली करायचा नाही, असे नियम झाले. गावाला मिळते ते काम, पैसे नव्हेत. यात वाईट वाटण्यासारखे काही नाही. हिशेबाची कटकट वाचते.

१ जुलैची गोष्ट

आता त्या पाटीमागचा खरा दोष सांगतो. क्लबाचे वर्ष १ जुलैला सुरू होते आणि ३० जूनला संपते. रोटरीचेही आणि लायन्सचेही. दरवर्षी अध्यक्ष नवा, सचिव नवा. प्रत्येक अध्यक्षाला आपल्या वर्षात काहीतरी दिसेल असे काम करून दाखवायचे असते. त्यात वाईट हेतू नसतो. पण त्याचा परिणाम गावाला भोगावा लागतो. एप्रिल-मे महिन्यात घाई सुरू होते. पाऊसही तोंडावर आणि अध्यक्षाचे वर्षही संपत आलेले. पाया कातळापर्यंत गेला की नाही, भिंतीच्या कडा काठात पुरेशा आत घेतल्या की नाही, सिमेंटला पाणी मारायला दिवस मिळाले की नाही, हे बघायला कुणाला सवड नसते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात उद्घाटन उरकते. जुलैत पूर येतो, पाणी कडेने वाट काढते, काठ खचतो. गाव फोन करते तर ज्यांना ओळखत होते ते आता माजी अध्यक्ष. नव्या अध्यक्षाच्या डोक्यात दुसऱ्या तालुक्यातली शाळा असते.

बंधारेच कशाला, शाळेत दिलेले पाणी शुद्ध करणारे यंत्र फिल्टर न बदलल्यामुळे बंद, सौरदिव्याची बॅटरी उतरली म्हणून खांब नुसता उभा, संडास बांधले पण पाणी नाही, असे नमुने सरकारी योजनेत दिसतात तसे देणगीच्या कामातही दिसतात. सरकारी कामाबद्दल निदान ओरडता तरी येते. देणगीबद्दल ओरडणे आपल्याला कृतघ्नपणाचे वाटते, आणि यंत्र तसेच धूळ खात पडते.

पोलिओच्या कामात हे का झाले नाही? अध्यक्ष तर तेव्हाही दरवर्षी बदलतच होते. पण तिथे काम सरकारी आरोग्य यंत्रणेचे होते, तारखा ठरलेल्या होत्या, नोंद आशाकडे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात होती. क्लबाची माणसे बदलली तरी काम कुणाच्या तरी वहीत होते. १९९५ पासून २०१४ पर्यंतचा काळ मोजा, वीसेक अध्यक्ष येऊन गेले असतील एकेका क्लबात. बंधाऱ्याची वही कुणाकडेच नसते.

ती वही गावाने ठेवायची आहे. बंधारा पूर्ण झाला की ग्रामपंचायतीच्या स्थावर मालमत्तेच्या नोंदवहीत तो चढला पाहिजे. तो क्लबाने दिलेला असला तरी उद्यापासून तो ग्रामपंचायतीचा. ग्रामसेवकांनी हे एवढे एक काम त्याच महिन्यात केले तर पुढची निम्मी भांडणे मिटतात, कारण नोंद असली तर दुरुस्तीला निधी टाकता येतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळातल्या निधीत साठ टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला होता, पावसाचे पाणी अडवण्याची कामे त्यात बसत होती. नोंदच नसलेल्या बंधाऱ्याला मात्र कुठल्याच आयोगाचा पैसा लागत नाही.

जागेची कागदपत्रे आधी. ओढ्याच्या दोन्ही काठांचे सातबारे काढा. ज्यांची जमीन थोडीफार बुडणार त्यांची लेखी संमती घ्या, आणि ती घेताना नुसत्या कुटुंबप्रमुखाची नको, सातबाऱ्यावर नावे असलेल्या बहिणींचीही घ्या. बंधारा झाल्यावर भाऊबंदकी जागी होते, हे का कुणाला सांगायला हवे! वनखात्याची जागा असेल तर त्यांची परवानगी, आणि पेसाच्या गावात ग्रामसभेचा ठराव हवाच. जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे विभागाकडून जागा बघून घ्या. जलयुक्त शिवारात त्याच ओढ्यावर वरच्या अंगाला काही झाले असेल तर त्याचा नकाशा क्लबाच्या माणसांसमोर ठेवा. मुंबईच्या इंजिनिअरला सिमेंट कळते, पण ओढा पुरात कुठल्या काठावर चढतो हे गावातल्या म्हाताऱ्यालाच माहीत असते. ते न लाजता सांगावे.

श्रमदानाचे एक. क्लबाच्या अनुदानाच्या हिशेबात श्रमदान धरले जात नाही, त्यावर भर मिळत नाही. तरी ते करावे. ज्याने दगड वाहिला आहे तो माणूस बंधाऱ्याचे बरगे चोरीला जाऊ देत नाही. बरगे म्हणजे लोखंडी फळ्या, पावसाळ्यानंतर टाकायच्या आणि पावसाळ्याआधी काढायच्या. कोल्हापूर पद्धतीच्या कितीतरी बंधाऱ्यांत आज पाणी अडत नाही ते भिंत फुटली म्हणून नव्हे, तर बरगे भंगारात गेले म्हणून. ते कुणाच्या घरात ठेवायचे, किल्ली कुणाकडे, ऑक्टोबरात कुठल्या दिवशी टाकायचे हे उद्घाटनाआधी ठरलेले असले पाहिजे.

रोटरीत १९८६ पासून अशी सोय आहे की, क्लबाचे सभासद नसलेल्या गावकऱ्यांचेही एक मंडळ क्लबाशी जोडून घेता येते. त्याला कम्युनिटी कोअर म्हणतात. वर्गणी-बिर्गणी मोठी नसते. गावातली पाच-पंधरा माणसे, त्यांत निम्म्या तरी बाया, वरच्या वहीची जबाबदारी घेणारा एक पोरगा. क्लबाचा अध्यक्ष बदलला तरी हे मंडळ बदलत नाही. गावाने क्लबाकडे जे मागायचे त्यात बंधाऱ्याइतकीच ही एक मागणी असावी. क्लबाच्या मंडळींना ती आवडतेही, कारण काम पुढे कोण चालवणार या अर्जातल्या प्रश्नाला त्यांना आयते उत्तर मिळते.

वेळापत्रकही ध्यानात घ्या. क्लबात पुढच्या वर्षाचे अध्यक्ष आधीच ठरलेले असतात आणि जानेवारीपासून ते पुढच्या कामांची जुळवाजुळव करू लागतात. म्हणून ग्रामसभेचा ठराव २६ जानेवारीला करून घ्यावा. फेब्रुवारी-मार्चात ओढा आटलेला असताना त्यांना जागा दाखवावी. पाणी आणायला बायांना किती चालावे लागते ते त्यांच्याबरोबर चालून दाखवावे. अर्ज, परदेशी क्लबाची जुळणी, मंजुरी यांत सहज काही महिने जातात. काम सुरू व्हावे दिवाळीनंतर, मे महिन्यात नव्हे. आणि फोन करण्याआधी सचिवाचे नाव विचारून घ्यावे. जुलैत ते बदललेले असते.